मल्लव्वाच्या नावाची परवानगी

नौबादच्या त्या दवाखान्यात शिवकन्या डबा घेऊन गेली, ती भर दुपारी. डब्यात मऊ भाकरी, फिक्कं वरण आणि डॉक्टरच्या नजरेस पडू नये म्हणून कागदात बांधलेली शेंगाचटणी. मनात भीती होती ती एकच, मायच्या छातीची. राजूबाई खटकचिंचोळीच्या शेतात तूर झोडता झोडता छाती धरून खाली बसली होती आणि लेकीनं तिला जीपमध्ये घालून इथं आणलं होतं. बाकी कशाची भीती बाळगायला शिवकन्येला सवड नव्हती. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला जिती माणसंच इतकी छळतात, की भुताची पाळीच येत नाही.

"आलीस का गं?" माय खाटेवरून म्हणाली आणि शेजारच्या बाळंतिणीकडं वळली. "ही माजी लेक. डायवरचं काम करती."

"कुठल्या गाडीवर, अक्का?" बाळंतिणीनं कौतुकानं विचारलं.

"गाडी न्हाई गं, ह्या डबड्यावर," माय म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खोकत हसली.

पण माय खोटं बोलली नव्हती. त्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी एक डबडं होतं. रोग्याच्या छातीला चिकटवलेल्या वायरी डबड्यात जात, डबडं ठोके मोजी आणि नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनला कळवी. मधे निरोप नेणारा जो न दिसणारा गडी, म्हणजे प्रोग्रॅम, त्याला संगणकवाले ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर गुंडेरावांच्या छोट्या कंपनीनं पुरवलेला. लिहिणारा कधीच हैदराबादेला निघून गेला, आणि लिहिलेलं सगळं तिथंच कामाला असलेल्या शिवकन्येच्या गळ्यात पडलं.

आदल्या संध्याकाळी, मायला दाखल करायला ती वॉर्डात होती तेव्हा, तिनं एक गोष्ट पाहिली होती. लाइट गेली, खाली जनरेटर धडधडला, डिझेलचा वास जिन्यावरून वर आला, दिवे परत लागले. डबडी आणि स्क्रीन यांचं तुटलेलं नातं पुन्हा जुळलं. पण मायच्या नावापुढचा आकडा हलेना. माय उठून बसली, खोकली, पाणी प्याली, आकडा तोच. शेवटी शिवकन्येनं मायच्या छातीवरच्या वायरी उपटून काढल्या. तरी आकडा तोच, हिरवागार, ठणठणीत. खाली छाती नव्हती आणि वर ठोका चालू होता.

तिनं तिथूनच गुंडेरावांना फोन लावला होता.

"अण्णा, लाइट जाऊन आली की आकडा अडकायलाय."

"मग बंद-चालू करायला सांग सिस्टरला. लई डोकं नको लावूस."

"माजी माय हाय त्या खाटेवर."

"म्हणून तर म्हणतोय, मायजवळ बस. उद्या बघू."

उद्या! ज्याची माय खाटेवर नसते त्याच्याजवळ उद्या पुष्कळ असतात.

इथं लाइट रोज दिवेलागणीला जायची. नातेवाइकांना त्याच्या आधीच वॉर्डाबाहेर काढत. म्हणजे मायची छाती नेमकी त्या वेळी दगा द्यायला लागली, तर टेबलावर बसलेल्या नर्सला स्क्रीन सांगणार, सगळं ठीक आहे. आणि नर्सचा स्क्रीनवर विश्वास. माणसावर ठेवायला तिला वेळ कुठं होता?

तेव्हा शिवकन्येनं मायला भाकरी भरवली, हात धुतले आणि खाटेशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडला. संध्याकाळच्या आत हे निस्तरायचं.

आता हा रोग काय होता ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. आळंदच्या बाजारात तुरीची पोती उतरवताना ट्रकवरचा हमाल खालच्याकडं बघतो. खालच्याचा हात मोकळा झाला, वर झाला, की पोतं सोडायचं. हात वर नाही तर पोतं नाही, नाहीतर खालचा दबून मरेल. यंत्रांतही तसंच. स्क्रीन हात वर करते, म्हणजे परवानगी देते, तेव्हा डबडं निरोप सोडतं. हात मोजकेच असतात आणि सगळ्या खाटांना त्यांतच भागवायचं असतं. लाइट गेली, नातं तुटलं, पुन्हा जुळलं, की जुना हिशेब टाकून देऊन हात नव्यानं वाटावे लागतात. पळून गेलेल्या त्या शहाण्यानं ते केलंच नव्हतं. जुन्याच नावांना जुनेच हात मिळत होते.

इथवर नवल काही नव्हतं. असल्या चुका तिनं ढीगभर पाहिल्या होत्या. नवल पुढं होतं. लाइट आल्यावर सगळेच्या सगळे हात एकच नाव ओढून घेत होतं, म्हणून बाकीच्या खाटा मुक्या होत होत्या आणि स्क्रीनवर त्यांचा शेवटचा आकडाच गोठून राहत होता. ते नाव मायचं नव्हतं, बाळंतिणीचं नव्हतं.

मल्लव्वा.

शिवकन्येनं मान वर केली. वॉर्डात मल्लव्वा नावाचं कुणी नव्हतं. खिडकीजवळ एक खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. बाहेर कडुनिंबावर ऊन थकून बसलं होतं.

ती नर्सच्या टेबलाकडं गेली. रेणुकाबाई सलाइनच्या बाटल्या पुसत होत्या. तोंड कायमचं आंबलेलं, पायात दोन रंगांचे मोजे.

"सिस्टर, मल्लव्वा कोन?"

बाटली पुसणारा हात थांबला. "कामून?"

"तिचं डबडं चालू हाय."

"चालू न्हाई. म्याच काढलंय. अडगळीत हाय ते. बघ जा, चावी घे."

अडगळीची खोली जिन्याखाली होती. मोडक्या खाटा, फिनेलचे डबे, गंजलेलं स्ट्रेचर. डबडं फळीवर होतं, वायर नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेली, वर धुळीचा थर. जवळपास विजेचं बटणसुद्धा नव्हतं. शिवकन्येनं सुटकेचा श्वास सोडला आणि धूळ पुसायला म्हणून मागं हात फिरवला.

मागची बाजू कोमट होती. फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीसारखी. आणि त्या कोंदट खोलीत, कुठून कोण जाणे, ओल्या घोंगडीचा वास होता.

ती वर आली ते पायऱ्या न मोजता, मागं न बघता. लॅपटॉपवर मल्लव्वाचं नाव अजून हात मागत होतं. ती काय पाठवते ते शिवकन्येनं उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. ठोका नाही, आकडा नाही. एक रिकामं पाकीट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक रिकामं. घशापर्यंत आलेला शब्द कुणी गिळावा, पुन्हा आणावा, पुन्हा गिळावा, तसं.

"सिस्टर," ती म्हणाली, "ती बाई कशी गेली ते सांगा."

"कोन पाठवलं तुला इचारायला? सायबानं?"

"माजी माय तिच्या शेजारच्या खाटेवर हाय. तिच्यापायी इचारायलेय."

रेणुकाबाईंनी दाराकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलायला लागल्या.

"आळंदकडची म्हातारी. मेंढरं होती म्हने पूर्वी, आता दुसऱ्याच्या रानात खुरपायची. पोरगं आनून टाकलं आन् परत तोंड दाखवलं न्हाई. दिवे लागायच्या टायमाला लाइट गेली, आली. स्क्रीनवर तिचं समदं बेस होतं. तरी म्या इथूनच हाक मारली. मल्लव्वा! म्हनून."

"मग?"

"ओ आली न्हाई."

"आन् तुमी गेला न्हाईत?"

"तुला ठाव न्हाई का आपल्याकडची रीत?" रेणुकाबाई एकदम फणकारल्या. "दिवेलागणीला हाक आली तर कोन देतंय पहिल्या हाकेला ओ? माजी आजी दुसरीलाबी देत नव्हती. भूत दोनदा बोलवतंय, मानूस तिसऱ्यांदा बोलवतंय, म्हनायची. म्या म्हन्लं, जुनी बाई हाय, रीतीनं गप बसली आसंल. आकडा तर चांगला दिसायलाय."

"मग दुसरी हाक?"

"ह्या पोरीच्या आधीची एक बाळंतीन वरडत होती तिकडं. वॉर्डाला मी एकटी. दोन हात हायत मला, दोन!"

"तिसरी?"

रेणुकाबाईंनी मान खाली घातली. दोन रंगांच्या मोज्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्री गेले तवा थंड होती. स्क्रीनवर आकडा हिरवाच. ती हाकंची वाट बघत होती का काय, तोंड माझ्याकडं करून होती."

असं आहे बघा. मरणाऱ्या गरीब बाईला दुसरी हाक मारायला या जगात माणूस शिल्लक नाही. चौकशी झाली असती तर रीत दोषी, नाहीतर नर्स दोषी. ड्रायव्हर विकून पैसे घेणारा दोषी नव्हे. आणि म्हातारीचं पोरगं तर कशातच नव्हे.

शिवकन्येला हात थांबवून भागणार नव्हतं. खिडकीबाहेर ऊन भिंतीवर चढत होतं. तिनं ड्रायव्हर दुरुस्त करायला घेतला. नातं पुन्हा जुळलं की जुने हात सगळे जप्त. मग प्रत्येक नावाला विचारायचं, आहेस का? उत्तर आलं तर त्याला नव्यानं परवानगी. पण लाइटच्या धक्क्यात एखाद्या जित्या खाटेचं उत्तर वाटेत हरवू शकतं, म्हणून एकदाच विचारून नाव पुसायचं नाही. पुन्हा विचारायचं. इतक्यांदा विचारून उत्तर नाही, तर ते नाव मेलं म्हणायचं, पुसून टाकायचं. मल्लव्वा पुसली जाईल. तिला वाईट वाटलं, मेलेल्या बाईचं तोंड दुसऱ्यांदा दाबल्यासारखं. पण पलीकडं माय घोरत होती, आणि जितीचा घोरणारा श्वास मेलीच्या मुक्या शब्दापेक्षा वजनाला जास्त भरतो. कुठल्याही लेकीच्या तराजूत भरतो.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नातेवाईक डबे उचलून निघाले. रेणुकाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. तेवढी मेहेरबानी त्यांनी केली.

खिडकीतला उजेड आधी तांबूस झाला, मग राखेसारखा. कुठंतरी मशिदीत बांग झाली, देवळातली घंटा तिच्यात मिसळली. आणि लाइट गेली.

काळोख पडला की वॉर्डात आधी आवाज वाढतात. बाळाचं किरकिरणं, कुणाची तरी बांगडी खाटेच्या लोखंडावर. मायचं घोरणं मात्र थांबलं होतं. शिवकन्येनं अंधारातच मायच्या पायावर हात ठेवला. गरम होता. खाली जनरेटर खोकला, पुन्हा खोकला, धडधडला. दिवे पिवळे, थरथरते लागले.

लॅपटॉपवर ओळी उमटायला लागल्या. जुने हात जप्त. ड्रायव्हर एकेका नावाला विचारत होता. बाळंतीण, आहे. दाराजवळची आजी, आहे. राजूबाई... आहे. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलावरच्या स्क्रीनवर मायचा आकडा हलत होता, मायच्या छातीबरोबर, खराखुरा.

मग खालची ओळ आली. मल्लव्वा, आहेस का?

उत्तर नाही.

जनरेटरच्या आवाजाखाली वॉर्ड गप्प झाला होता. बाळसुद्धा.

मल्लव्वा, आहेस का?

उत्तर नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. किती वेळा विचारायचं, तो आकडा तिनं स्वतः घातला होता, विचार न करता, हात जाईल तसा. दोन घालता आला असता. पाच घालता आला असता. पण तिचा हात खटकचिंचोळीत वाढलेला. तिनं घातले होते तीन, माणसाच्या हाकेइतके.

ती बटणाकडं झेपावली. पण ओळ उमटली होती.

मल्लव्वा, आहेस का?

"ओ..."

आवाज लॅपटॉपमधून आला नाही. खाटेवरून आला. माय डोळे मिटून पडली होती, ओठ उघडे होते.

स्क्रीनवर मल्लव्वाच्या नावापुढं उमटलं, आहे. एक हात दिला गेला. आणि लगेच, कुणी न पुसता, ते नाव यादीतून नाहीसं झालं.

"माय... माय, काय झालं?"

राजूबाईनं डोळे उघडले. "काय वरडायलीस गं कवाधरनं? मल्लव्वा, मल्लव्वा. ती म्हातारी काय उठंना. तुजा घसा बसंल म्हनून मीच ओ दिली."

"कोनती म्हातारी?"

मायनं हनुवटीनं खिडकीजवळची खाट दाखवली. गुंडाळलेली गादी, मोकळं लोखंड. माय जराशी चक्रावली.

"आत्ता तर बसली होती. घोंगडं पांघरून... लई वेळची ताटकळली होती बिचारी."

शिवकन्या खाटेच्या कडेला टेकली. मायच्या बोटांत बोटं अडकवून बसून राहिली. रेणुकाबाई टेबलापाशी उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, आणि पुन्हा त्या वॉर्डात आल्या नाहीत.

ड्रायव्हर मात्र फक्कड चालला. लाइट जावो, येवो, कुठली खाट अडकत नाही. गुंडेरावांनी दवाखान्याच्या साहेबांना पेढे नेऊन दिले आणि "आमच्या टीमनं काढलं शोधून" म्हणाले. टीम म्हणजे कोण, ते साहेबांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. बाईनं दाखवलेली चूक आधी तिचं वेड ठरते आणि निस्तरल्यावर पुरुषाची हुशारी.

"बघ, उगं घाबरली होतीस," ते शिवकन्येला म्हणाले. "मायचं कसं हाय आता?"

"बरं हाय," ती म्हणाली.

बरंच होतं. छातीतली कळ गेली. रंग परत आला. एकच कुरबूर होती, घरी सोडायच्या दिवशी स्क्रीनवर मायचा आकडा दुप्पट दिसायला लागला. डॉक्टर हसून म्हणाले, यंत्र कधीकधी एक ठोका दोनदा मोजतं. त्यांनी डबडं बदललं. नवं डबडंही तेच म्हणालं. डॉक्टर म्हणाले, वायर खराब असेल, घरी घेऊन जा, आईला काही झालेलं नाही.

माय आता खटकचिंचोळीत आहे. अंगणात बसते, तूर निवडते, सुनेला शिव्या घालते, आधीपेक्षा जोरात. भाकरी दोन बायांची खाते. शिवकन्या शनिवारी गावी येते आणि माय झोपली की तिचं मनगट हातात घेते. पहिल्यांदा घेतलं तेव्हा तिला वाटलं, आपलीच बोटं थरथरायलीत. मग कळलं. एक ठोका पडतो, भरीव, ओळखीचा, लहानपणी ज्याच्यावर कान ठेवून ती झोपली होती तो. मग जरा थांबून, पहिल्यानं जणू हात वर करून परवानगी दिल्यावर, दुसरा पडतो. बारीक. दमलेला.

मल्लव्वाला दिलेला तो हात तिला परत घेता येईल. ड्रायव्हरमध्ये एका ओळीचं काम आहे, आणि मायला पुन्हा तपासणीसाठी त्या वॉर्डात न्यायचंच आहे. पण त्या हातापुढं आता नाव एकच उरलंय, राजूबाई. एका नावाखाली दोघी. परवानगी काढली तर कुणाची थांबेल, हे सांगणारा कुणी नाही, ना डॉक्टर, ना पुस्तक. म्हणून ती तपासणी पुढं ढकलते. माय म्हणते, "कामून गं, मी बरी हाय की." ती म्हणते, "तरीबी."

गेल्या शनिवारी तिनं पुन्हा मनगट धरलं. बराच वेळ धरून बसली, मोजत नव्हती, नुसती ऐकत होती. आतापर्यंत मायचा ठोका आधी पडायचा आणि बारीक त्याच्या मागून.

आता बारीक आधी पडतोय. आणि मायचा थांबतो... परवानगी मिळेस्तोवर.